घराण्याचा स्वभाव

आमच्यात भावाभावांचं पटत नाही, हे मी कळायला लागल्यापासून ऐकत आले. सोयरीक जमवताना मध्यस्थ पाहुण्यांच्या कानावर घालायचे, "मंडळी कष्टाळू, कुणाला व्यसन न्हाय, पण भाऊबंदकी लई." सोलापूरकडचे चुलते हट्टी, रायगडवाले आतल्या गाठीचे, डोंगरावरचे थोरले आजोबा लबाड आणि आम्ही मुंबईवाले शिष्ट, असं सगळं ठरून गेलेलं. जमिनीची वाटणी कधी धड झाली नाही, स्वभावांची मात्र चोख झाली होती.

आज मला हे पटत नाही. आमच्या घराण्याला असा काही खास स्वभाव नाही. आमचं गाव कोयना धरणात गेलं आणि चार भाऊ चार दिशांना गेले. पुढच्या साठ वर्षांत जे जे घडलं आणि ज्याला आम्ही रक्ताचा गुण म्हणत आलो, त्यातलं बरंचसं या एका गोष्टीतून निघालेलं आहे. माझा भाऊ म्हणतो, तू सगळंच धरणावर ढकलतेस. सगळं नाही. पण जेवढं धरणाचं आहे, तेवढं तरी धरणाच्या खात्यावर मांडलं पाहिजे, नाहीतर ते माणसांच्या नावावर पडतं.

महाबळेश्वरला उगम पावलेली कोयना आधी दक्षिणेकडे वाहते, हेळवाकपाशी वळण घेते आणि कराडला कृष्णेला मिळते. या वरच्या खोऱ्यात, जावळी, पाटण आणि महाबळेश्वर तालुक्यांत, 1950 च्या दशकात धरणाचं काम सुरू झालं आणि 1962 मध्ये पहिली वीज निघाली. आज त्या जलाशयाला शिवसागर म्हणतात. 105 टीएमसी, म्हणजे 105 अब्ज घनफूट पाणी, पन्नासेक किलोमीटर लांबी. हे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला पोफळीकडे सोडतात, त्यावर वीज होते आणि मग ते वाशिष्ठीतून समुद्राला मिळतं. चारही टप्पे आणि पायथ्याचं वीजघर मिळून क्षमता 1960 मेगावॅट. राज्याच्या कारखानदारीला या विजेनं हात दिला, हे खरंच आहे आणि मला त्याचा राग नाही. पण पाण्याखाली गेलेली शंभराच्या आसपास गावं कुठं गेली, हे शाळेच्या पुस्तकात नव्हतं. धरणाची उंची मात्र तोंडपाठ करून घेतली होती, 103 मीटर.

गावं उठली तेव्हा पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. महाराष्ट्राचा पहिला कायदा 1976 चा, मग 1986 चा, मग 1999 चा. "आधी पुनर्वसन, मग धरण" ही घोषणा पुढच्या धरणांच्या लोकांना निदान देता तरी आली. आमच्या लोकांना घोषणा सुचायच्या आधीच पाणी दारात आलं होतं. कुणाला सोलापूर जिल्ह्यात जमीन दाखवली, कुणाला सांगली, कुणाला रायगड, म्हणजे तेव्हाचा कुलाबा जिल्हा, कुणाला ठाण्यात. बरेच जण कुठंच गेले नाहीत. ते आपली पत्रे-वासे घेऊन पाण्याच्या रेषेच्या वर सरकले आणि डोंगराच्या उतारावर राहिले.

आमच्यात चार भावांच्या चार तऱ्हा झाल्या. थोरले आजोबा वर सरकले. माझे आजोबा मुंबईला गिरणीत होतेच, ते तिथेच राहिले. तिसरे सोलापूरला आणि धाकटे रायगडमध्ये, खालापूरच्या बाजूला. गावाचं नाव इथं लिहीत नाही, कारण आता त्या नावाच्या तीन वस्त्या तीन जिल्ह्यांत आहेत आणि प्रत्येकीला आपणच मूळ असं वाटतं.

सोलापूरवाल्या आजोबांना सगळे हट्टी म्हणायचे, कारण त्यांनी पहिली काही वर्षं तिथं भात लावायचा प्रयत्न केला. हा किस्सा लग्नाकार्यात खो-खो हसत सांगितला जायचा. मीही हसले आहे. मग एकदा पावसाचे आकडे बघितले. कोयनेच्या वरच्या खोऱ्यात, नवजा भागात, चांगल्या पावसाळ्यात पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस होतो. सोलापूर जिल्ह्यात वर्षाला पाचशे-साडेपाचशे. ज्या माणसानं जन्मात राब भाजणं, तरवा टाकणं, इरलं पांघरून गुडघाभर चिखलात लावणी करणं आणि वरकस जमिनीत नाचणी-वरी घेणं एवढीच शेती केली, त्याला काळ्या रानात नेऊन उभं केलं. शाळू कधी पेरायचा, ओल किती खोल गेली हे कसं ओळखायचं, कुळव कधी घालायचा, हे त्याला कोण शिकवणार? शेजारचे मूळ गावकरी? त्यांच्यातल्याच कुणाची तरी जमीन घेऊन याला दिलेली. ते याच्याशी बोलतच नव्हते. ओढ्याच्या पाण्यावरून, पांदीच्या वाटेवरून, पुढे शाळेतल्या पोरांच्या मारामाऱ्यांवरूनही "धरणवाले" असाच उल्लेख व्हायचा. त्यांच्या मुलानं, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, शेती नकोच म्हणून ट्रकवर क्लीनर म्हणून नोकरी धरली. नातवाला त्याच रानाबद्दल विचारलं तर तो म्हणतो, "आमची जमीन आहे, पण आमची नाही." तो हे भावुक होऊन म्हणत नाही. जमीन भोगवटादार वर्ग दोनची आहे, परवानगीशिवाय विकता येत नाही, तारण ठेवायला गेलं तर बँक कागद उलटसुलट करते. त्याला म्हणायचं असतं ते एवढंच.

मुंबईची कथा वेगळी. गिरणगावात सातारा-कोल्हापूरच्या आणि कोकणातल्या गावांच्या गावकीच्या खोल्या असत, हे अनेकांना माहीत असेल. एकेका खोलीत तीस-चाळीस माणसं, पाळीपाळीनं झोपणारी, भिंतीला खुंट्यांवर पिशव्या आणि ट्रंका, कोपऱ्यात गावदेवाची तसबीर. आमच्याही गावाची अशी खोली होती लालबागला. गाव बुडाल्यावर तिचं काम बदललं. नोकरी शोधणाऱ्यांचा अड्डा होताच, तिथं आता चौकशीचं ऑफिस सुरू झालं. कोण कुठं गेलं, कुणाच्या मुलीचं कुठं जमलं, कोण वारलं, हे सगळं या खोलीत येऊन कळायचं. देवाची यात्रा कधी करायची आणि पट्टी किती काढायची हेही इथंच ठरायचं. 1982 च्या संपानंतर गिरण्या गेल्या, तशी ही खोलीही कुणीतरी विकली. कुणी विकली यावर वेगळी भाऊबंदकी आहे, ती इथं नको. माझे वडील तोवर माथाडी कामगार झाले होते. मशीद बंदर, मग वाशीचं मार्केट. जावळी-पाटणची निम्मी पुरुषमंडळी या एका धंद्यावर तगली आहेत, आणि त्याचं श्रेय अण्णासाहेब पाटलांना आणि 1969 च्या माथाडी कायद्याला दिलं पाहिजे. आम्हाला कोपरखैरणेत डोक्यावर छप्पर मिळालं ते त्याच वाटेनं.

पुरुषांचं लिहिलं, कारण त्यांचं कागदावर सापडतं. बायकांचं सापडत नाही. माझी आजी आमच्या गावात सून म्हणून आली ती नदीपलीकडच्या गावातून. सोयरिकी खोऱ्यातल्या खोऱ्यातच व्हायच्या. सासर आणि माहेर यांच्यात एक नदी आणि दोन तासांची चाल. धरणात दोन्ही गावं गेली. सासरच्यांचं निदान ती घरातच ऐकत होती, माहेरचे कुठं गेले हे तिला कित्येक वर्षं नक्की माहीत नव्हतं. ठाणे जिल्ह्यात, एवढंच ऐकून होती. लिहिता येत नव्हतं, पत्ता नव्हता, आणि "माझा भाऊ शोधून द्या" म्हणायला गिरणीच्या पाळ्या करणाऱ्या नवऱ्याकडे वेळ नव्हता.

भाऊबिजेला ती चंद्राला ओवाळायची. ज्या बाईला भाऊ नाही, तिनं चंद्राला ओवाळावं अशी आपल्याकडे रीत आहे. तिला भाऊ होता, पण ताटासमोर नव्हता. त्या दिवशी द्वितीयेची कोर सूर्य मावळल्यावर थोडा वेळच दिसते, पश्चिमेला, अगदी खाली. चाळीची गॅलरी पश्चिमेला होती, समोर गिरणीची चिमणी. आजी ताट घेऊन आधीपासून उभी असायची आणि पोरांवर खेकसायची, "हटा पुढनं, बुडंल त्यो." कोर दिसली की घाईघाईनं कुंकू, अक्षता, सुपारी, ओवाळणं, आणि मग स्वयंपाकघर. रडली वगैरे नाही कधी. भाऊ सापडला तो गावकीच्या खोलीतल्या एका माणसामार्फत. तो होता भिवंडीच्या बाजूला. लालबागपासून लोकल आणि एसटी धरून अर्ध्या दिवसात पोचता येईल असा. त्यानंतर तो एक-दोन दिवाळ्यांना आलाही. पण दिवाळी म्हणजे तिकडे भातकापणीची गडबड, आणि इतक्या वर्षांनी आलेल्या माणसाशी काय बोलायचं हेही दोघांना उमगत नव्हतं. आजीनं चंद्राला ओवाळणं सोडलं नाही. माझ्या आईनं तेच धरलं, मीही धरलं. लग्न झाल्यावर पहिल्या दिवाळीला माझ्या सासूबाईंनी विचारलं, "अगं, सख्खा भाऊ पाटावर बसलाय, मग चंद्राला कशाला?" मी म्हटलं, आमच्यात अशीच पद्धत आहे. पद्धत कुठली आली, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं.

पिढ्यान्‌पिढ्या काहीतरी उतरतं ते बऱ्याचदा असं, कारण गळून पडलेलं आणि सवय तेवढी राहिलेली. आमच्याकडे कपाटावर एक भरलेली पिशवी कायम असते. घराची कागदपत्रं लॅमिनेट करून तीन ठिकाणी ठेवलेली असतात. वडिलांनी कुंडीपलीकडे झाड कधी लावलं नाही आणि कुणी लावलं तर "फळ कोण खाणार" असं विचारलं. माझ्या भावाला सरकारी पाकीट आलं की जेवण जात नाही. पाकीट पाणीपट्टीचं असलं तरी.

हल्ली अशा गोष्टींना जनुकांपर्यंत नेऊन जोडायची टूम आहे. त्यामागे संशोधन नाही असं नाही. नेदरलँड्समध्ये 1944-45 च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे दुष्काळ पडला, तेव्हा पोटात असलेल्या मुलांना पुढे मोठेपणी मधुमेह आणि हृदयविकार जास्त प्रमाणात झाले, हे बऱ्यापैकी पक्कं झालेलं आहे. नातवंडांपर्यंत काय जातं याबद्दल अजून वाद आहेत. मला स्वतःला वाटतं, आमच्यासारख्यांचा विचार करताना इतक्या खोल शिरायची गरज नाही. पेशीत शोधण्याआधी ट्रंकेत बघावं. जमीन गेली, जंगल गेलं, शेजार गेला, सोयरिकींचं जाळं तुटलं आणि कर्ज काढायला तारण उरलं नाही, तर नातवंडाची तब्येत आणि शिक्षण मागे पडायला एवढं पुरे आहे.

याच काळात आफ्रिकेत झांबेझी नदीवर करिबा धरण झालं. 1950 च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या ग्वेंबे टोंगा लोकांपैकी 57 हजार जणांना उठवलं गेलं. एलिझाबेथ कोलसन आणि थेयर स्कडर हे दोन मानववंशशास्त्रज्ञ ती माणसं उठायच्या आधीपासून त्यांच्याकडे जात होते आणि पुढे अनेक दशकं जात राहिले. उठलेली माणसं सुरुवातीला नवं काहीच करत नाहीत, ओळखीच्या माणसांना आणि ओळखीच्या रीतींना घट्ट धरून राहतात, असं स्कडर यांनी मांडलं. सोलापुरात भात लावणारे आमचे आजोबा मला तिथं सापडले. हट्टी म्हणून नव्हे, तर अशा वेळी माणसं जशी वागतात तसं वागणारा एक माणूस म्हणून. स्कडर आणखी एक गोष्ट सांगतात. पुनर्वसन झालं की नाही हे उठवलेल्या पिढीवरून ठरत नाही. दुसरी पिढी त्या जागी स्वतःच्या बळावर उभी राहिली, तरच ते झालं म्हणायचं. आपल्याकडे हा हिशेब प्लॉटचा ताबा दिल्याच्या तारखेला बंद होतो.

आमचा मात्र बंद झाला नाही, कारण दाखला. प्रकल्पग्रस्तांना सरकारी नोकरीत पाच टक्के समांतर आरक्षण आहे. त्यासाठी लागणारा दाखला एका खात्यामागे एकाच्या नावानं मिळतो, आणि तो नातवंडांपर्यंत चालतो. म्हणजे आजोबांच्या बुडालेल्या जमिनीच्या बदल्यात नातवाला तलाठ्याची किंवा शिपायाची जागा मिळू शकते, पण एकाच नातवाला. चार भावांची मिळून डझन-दीड डझन नातवंडं. बाकीच्यांनी संमतिपत्रावर सह्या करायच्या. त्यातून घरात जे होतं ते ज्यांच्याकडे झालंय त्यांना सांगायला नको. ज्याला मिळालं तो लबाड, ज्यानं सही अडवली तो हलकट. आणि मुलींची सही सगळ्यांना हवी, मुलीचं नाव मात्र यादीत कुणाला सुचत नाही.

या दाखल्याच्या निमित्तानंच आम्ही चारही घरची पोरं पहिल्यांदा एका टेबलाभोवती बसलो. जुनं भांडण असं होतं की थोरल्या आजोबांनी नुकसानभरपाईचे सगळे पैसे खाल्ले. जुन्या सातबारावर थोरल्याच्या नावाआधी "ए.कु.मॅ." असं लिहिलेलं, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. जमीन चौघांची, नाव एकाचं. पण भरपाईच्या यादीत उतरवताना कुणा कारकुनानं ती तीन अक्षरं गाळली होती. नुसतं थोरल्याचं नाव. त्यामुळे सही त्यांची, रक्कम त्यांच्या हातात, आणि उरलेले तिघे सरकारदरबारी भूमिहीन. यादीची झेरॉक्स माझ्या सोलापूरच्या चुलतभावानं मिळवली होती, पानाचा कोपरा कसरीनं खाल्लेला. त्यानं बोट ठेवून रक्कम वाचली. मग परत वाचली. रायगडची वहिनी म्हणाली, "एवढंच?" डोंगरावरचा पोरगा, ज्याच्या आज्जाला आम्ही चोर म्हणत आलो, खाली मान घालून बसला होता. सोलापूरवाला त्याला म्हणाला, "आरं, ह्यात तर एक बैलजोडी पण धड आली नसती. काय खाल्लं असंल तुझ्या आज्ज्यानं?" त्या रात्री सगळे आमच्याकडेच राहिले. दाखल्याचा निकाल मात्र त्या दिवशीही लागला नाही, हेही सांगून टाकते.

2018 मध्ये कोयनानगरला धरणग्रस्तांचं मोठं ठिय्या आंदोलन झालं. भारत पाटणकर आणि श्रमिक मुक्ती दलानं बांधलेलं. तिथं बसलेल्यांत ज्यांनी मूळ गाव डोळ्यांनी पाहिलं असे थोडेच होते. बाकी आमच्या वयाचे आणि आमच्याहून लहान. नोकरदार लोक विचारत होते, इतक्या वर्षांनी आता काय मागताय? मागणी जुनीच होती. फक्त मागणारे बदलले होते.

डोंगरावर राहिलेल्यांचं तर आणखीच वेगळं. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, त्यात थोरल्या आजोबांचं उतारावर बांधलेलं घर आडवं झालं. ते त्यांनी परत बांधलं. 1985 मध्ये आजूबाजूचं रान कोयना अभयारण्य झालं आणि 2010 पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आलं. लाकूड तोडायचं नाही, गुरं सोडायची नाहीत, रस्ता मागायचा नाही. आजारी माणूस लाँचमधून बामणोलीला किंवा तापोळ्याला आणायचा, वारा सुटला तर थांबायचं. त्याच पाण्यावर शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची मंडळी बोटिंग करतात, "मिनी काश्मीर" म्हणून फोटो टाकतात. टाकू देत. वासोट्याला जाताना मीही काढले आहेत.

आता त्या वस्तीलाही खाली यायला सांगतायत, या वेळी वाघांसाठी. वयस्कर चुलते म्हणतात, एकदा उठलो, परत उठणार नाही. त्यांच्या सुनेला उठायचं आहे. तिची दोन पोरं सातवीनंतर आश्रमशाळेत ठेवावी लागली आणि दुसऱ्या बाळंतपणाला लाँच मिळायला पहाट झाली होती. "मामांजींचं खरंय," ती मला म्हणाली, "पर माजी पोरं हितं र्‍हाऊन काय वाघाला राखी बांधणार हायत का?" मला दोघांचंही पटतं. आणि याआधी काय झालं हे माहीत असल्यामुळे तिची जरा जास्त काळजी वाटते.

गेल्या उन्हाळ्यात साहेबलोक वस्तीवर बैठकीला आले होते. पॅकेज, गुंठे, सोयीसुविधा, सगळं वाचून दाखवलं. म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या नाहीत, पोरांनी मोबाइलवर फोटो काढले. सुनेनं एकच विचारलं, आमच्या घरातल्या तिघा भावांना एकाच गावठाणात, शेजारी-शेजारी प्लॉट मिळणार का? साहेबांनी कारकुनाकडे बघितलं. कारकून म्हणाला, प्लॉट चिठ्ठ्या टाकून ठरतात, त्यात भाऊ-बीऊ बघत नाहीत. ती म्हणाली, मग आधी ते लिहून आणा, सह्यांचं मागनं बघू. संमतिपत्रं कोरीच परत गेली. चुलते तेव्हापासून तिच्या हातचा चहा बोलून मागून घेतात.